अपग्रेड केलेली जुनी बेस गिटार विकताना : कामांचा क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

वापरलेली बेस गिटार विकायला काढणारे बहुतेक जण कामाला उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी मोबाईलवर चार फोटो काढले जातात, मग मूळ बिलात नव्या पिकअपचे (तारांचा कंप टिपणारा चुंबकी भाग), ब्रिजचे (बॉडीवरचा तारांचा आधार) आणि कारागिराच्या मजुरीचे पैसे मिळवून किंमत ठरते आणि जाहिरात टाकली जाते. महिनाभर कोणी फिरकले नाही की किंमत उतरवायला सुरुवात होते. शेवटी ती गिटार काहीही न बदललेल्या गिटारच्या भावात जाते, आणि तिचे मूळ सुटे भाग मात्र कपाटातल्या पिशवीत पडून राहतात.

हे टाळायचे असेल तर सर्वांत आधी सुट्या भागांचा निर्णय घ्यावा लागतो. नवे भाग गिटारसोबत द्यायचे, की मूळ भाग परत बसवून नवे वेगळे विकायचे, हे ठरल्याशिवाय सेटअप (तारांची उंची वगैरेंची जुळणी), फोटो, वर्णन आणि किंमत यांपैकी एकही काम धड होत नाही. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ते चार किंवा पाच तारांच्या, सॉलिड (भरीव लाकडी) बॉडीच्या आणि स्क्रूने जोडलेल्या नेकच्या (दांड्याच्या) बेस गिटारसाठी आहेत, म्हणजेच पुण्यात हातोहाती फिरणाऱ्या बहुतेक गिटारसाठी.

टप्पा १ : बदलांची यादी करा

एका कागदावर चार रकाने आखा: भाग, सध्या काय बसवलेले आहे, मूळ भाग कुठे आहे, आणि मूळ भाग काही न खोदता परत बसेल का. हेडस्टॉककडून (नेकचे वरचे टोक) सुरुवात करून जॅकपर्यंत या, म्हणजे काही सुटणार नाही: ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), नट (हेडस्टॉकजवळची खाचांची पट्टी), फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पिकअप, पिकगार्ड (बॉडीवरचे पातळ आवरण), पॉट (नॉबखालचा फिरता रोधक), कपॅसिटर, प्रीअँप (बॅटरीवर चालणारे आवाजाचे सर्किट), ब्रिज, जॅक (केबल लावायची जागा), खांद्याच्या पट्ट्याची बटणे. आठवणीवर विसंबू नका. पिकगार्ड किंवा मागचे झाकण उघडून प्रत्यक्ष पाहा, कारण गिटार तुम्हीही वापरलेलीच घेतली असेल तर आधीच्या मालकाने काय बदलले ते आतच दिसेल.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. काही बदल मागे घेता येतात. उदाहरणार्थ, गोटो कंपनीचा २०१ हा ब्रिज फेंडर कंपनीच्या गिटारवरच्या पाच स्क्रूंच्या जुन्या भोकांतच बसतो, त्यामुळे तो काढला तर मागे खूण राहत नाही. काही बदल मात्र कायमचे असतात: बॅटरीसाठी बॉडीत खोदलेला कप्पा, वेगळ्या मापाच्या पिकअपसाठी रुंद केलेली खाच, नव्या ट्यूनरसाठी मोठी केलेली हेडस्टॉकची भोके, फ्रेट उपटून केलेली फ्रेटलेस, पुन्हा रंगवलेली बॉडी. विकणाऱ्याच्या लेखी हे अपग्रेड असते, पण घेणाऱ्याच्या लेखी ती लाकडावरची शस्त्रक्रिया असते, आणि नेमके तेच हवे असलेला माणूस भेटला नाही तर त्यामुळे किंमत कमीच होते.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक मूळ भागाला हात लावून पाहा. ‘असेल कुठेतरी माळ्यावर’ असा भाग नाहीच असे धरून पुढे जा.

टप्पा २ : मूळ रूपात विकायची की आहे तशी, हे ठरवा

येथे भावना बाजूला ठेवून हिशेब करावा लागतो. समजा, गिटार ३०,००० रुपयांना घेतली होती. तिला १२,००० चे पिकअप, ७,००० चा ब्रिज, १०,००० चे ट्यूनर आणि ३,००० रुपये मजुरी लागली, म्हणजे एकूण खर्च ६२,००० झाला. आता घेणाऱ्याच्या जागी बसून पाहा. ज्याच्या खिशात ५०,००० रुपये आहेत, तो आधी हेडस्टॉकवरचे नाव आणि मालिका पाहतो. त्या पैशांत त्याला वरच्या मालिकेतली नवी कोरी गिटार हमीसह मिळत असेल, तर तुमच्या गिटारच्या पोटात कोणते पिकअप आहेत याने त्याला फरक पडत नाही. किमतीची वरची मर्यादा हेडस्टॉक ठरवतो, बिलांची फाईल ठरवत नाही.

याच उदाहरणात मूळ रूपातली गिटार १९,००० ला जाईल आणि अपग्रेडसह २६,००० ला जाईल असे धरू. वेगळे विकले तर वापरलेल्या पिकअपचे ७,०००, ब्रिजचे ४,००० आणि ट्यूनरचे ६,००० येतील. मूळ भाग परत बसवायची मजुरी २,००० वजा केली, तरी हातात ३४,००० राहतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही भरा, पण फरकाची दिशा सहसा हीच निघते. चांगले पिकअप आणि ब्रिज आपल्याकडे बहुतांशी बाहेरून येतात आणि त्यांवर वाहतूक व आयातशुल्क चढते. त्यामुळे सुस्थितीतल्या वापरलेल्या भागाला गिऱ्हाईक लवकर मिळते. तो भाग दुसऱ्याच्या गिटारमध्ये अडकलेला असला की त्या गिऱ्हाइकाला त्याचा उपयोग नसतो.

सगळेच भाग काढावेत असे मात्र नाही. आतला तांब्याच्या पट्टीचा शील्डिंगचा (बाहेरची घरघर अडवणारा) थर, चांगला जॅक, नवे पॉट, हाडाचा नट हे गिटारमध्येच राहू द्यावेत. ते काढून हाती काही लागत नाही, आणि नट काढताना तो किंवा त्याच्या कडेचे लाकूड तुटण्याचा धोका असतो. बदल कायमचा असेल, मूळ भाग हरवला असेल किंवा मूळ भागच सदोष असेल, तर गिटार आहे तशी विकावी आणि उरलेले मूळ भाग पिशवीत घालून सोबत द्यावेत.

‘अपग्रेडसह इतके, अपग्रेडशिवाय इतके’ अशी दुहेरी किंमत देण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो टाळायला सांगतो. घेणारा मग ‘फक्त ब्रिज राहू द्या, पिकअप काढा’ अशी निवड सुरू करतो, आणि ठरलेल्या किमतीचा पायाच सुटतो. एक रूप ठरवा आणि तेच विका.

टप्पा ३ : मूळ भाग परत बसवा

सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम कारागिराकडे द्या, पण क्रम माहीत असू द्या.

१. बॅटरी असेल तर काढा. सर्व तारा पूर्ण सैल करा आणि मगच काढा. ताणलेली तार कापू नका.

२. आतल्या वायरिंगचे तीन-चार स्पष्ट फोटो घ्या. कोणती वायर कोणत्या पॉटच्या कोणत्या पायाला जाते, हे फोटोत वाचता आले पाहिजे.

३. प्रत्येक भागाचे स्क्रू वेगळ्या छोट्या पिशवीत ठेवून वर नाव लिहा. पिकगार्डचा आणि ब्रिजचा स्क्रू लांबून सारखे दिसतात, पण एकमेकांच्या जागी घातले तर एक भोक सैल होते आणि दुसरे चिरते.

४. जॅझ बेसचे (फेंडरची दोन पिकअपची बेस गिटार) पिकअप बदलताना नेककडचा आणि ब्रिजकडचा वेगळा ओळखून ठेवा. फेंडरच्या प्रमाण मापात नेककडचा पिकअप तीनेक मिलिमीटर आखूड असतो, आणि अदलाबदल झाली तर लांब पिकअप आखूड खाचेत जाणार नाही. तो दाबून बसवायचा प्रयत्न केला तर कव्हर फुटते.

५. अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणारे) पिकअप काढून पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारे) बसवत असाल तर पॉटही बदलावे लागतात. ईएमजी कंपनीच्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला २५ किलोओहमचे पॉट लागतात, तर साध्या पॅसिव्ह पिकअपला सहसा २५० किलोओहमचे. जुने पिकअप २५ किलोओहमच्या पॉटवर तसेच जोडले, तर उशीखालून आल्यासारखा आवाज येतो आणि घेणारा तो पिकअपचा दोष समजतो.

६. ब्रिजखालची अर्थची वायर तपासा. ईएमजी बसवताना ही वायर सोडवून ठेवलेली असते. पॅसिव्ह पिकअप परत आले की ती जोडलीच पाहिजे, नाहीतर तारांना हात लावूनही घरघर थांबत नाही.

७. लाकडात स्क्रू बसवताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवा. एका ठिकाणी तो बारीकसा ‘टक्’ करून खाली बसतो, ते जुन्या आट्याचे तोंड. तिथून सुलटा फिरवला तर तो जुन्याच वाटेने जातो आणि भोक झिजत नाही.

सोल्डर वायर, साधा मल्टिमीटर, हीट श्रिंक नळी यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पुरेशी आहे. तिथून पॉट घेणार असाल तर नॉब सोबत घेऊन जा. शाफ्ट दातेरी आहे की गुळगुळीत यावर नॉब बसणार की नाही ते ठरते, आणि घरी आल्यावर हे कळले तर पुन्हा फेरी पडते.

सावधान: नेक कारणाशिवाय सोडवू नका. तो प्रत्येक वेळी काढला-बसवला की लाकडातले आटे झिजतात, आणि सैल नेकची गिटार कितीही चांगली असली तरी सुरात टिकत नाही.

टप्पा ४ : सफाई आणि विद्युत तपासणी

तारा नसतानाच सफाई करा. रोझवुडसारख्या उघड्या लाकडाच्या फ्रेटबोर्डवर (फ्रेट बसवलेली नेकची पट्टी) फ्रेटबोर्डसाठीच्या तेलाचे चार-पाच थेंब कापडावर घेऊन पुसा आणि जादा तेल लगेच टिपून घ्या. लॅकर चढवलेल्या मेपलला तेल लावू नये, किंचित ओलसर कापड पुरते. काळवंडलेले फ्रेट चमकवायला स्टील वूल वापरणार असाल, तर पिकअप आधी टेपने पूर्ण झाका. त्याचे केसासारखे तुकडे चुंबकाला चिकटतात आणि नंतर निघत नाहीत. बॉडीवर थिनर किंवा स्पिरिट वापरू नका.

ओरखडे लपवण्यासाठी रंग किंवा नेलपॉलिश लावू नका. घेणारा बोट फिरवतो तेव्हा ते लगेच कळते, आणि मग तो न लपवलेल्या गोष्टींवरही शंका घेतो.

आता नॉब पाहू. तपासायला आलेला जाणता माणूस पहिली गोष्ट करतो ती हीच: गिटार जोडतो, तार न छेडता टोनचा नॉब अगदी सावकाश शेवटापर्यंत फिरवतो आणि स्पीकरकडे कान देतो. त्या शांततेत ‘खर्र’ आले की त्याच्या मनातली किंमत तिथेच उतरते. उपाय सोपा आहे. पॉटच्या छोट्या फटीतून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीस-तीस वेळा पूर्ण फिरवा. दाराच्या बिजागरीला मारायचे तेलकट फवारे येथे चालत नाहीत. त्यांनी धूळ उलट चिकटून बसते. सफाईनंतरही खरखर राहिली तर पॉट बदला, कारण हा खर्च वसूल होतो.

पॅसिव्ह गिटारमध्ये जॅकला केबल लावून तिच्या दुसऱ्या टोकावर मल्टिमीटरने रोध मोजा. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे असावेत. आकडा काही किलोओहमचा आला पाहिजे. मीटरने काहीच दाखवले नाही तर कुठेतरी तार तुटली आहे. जॅझ बेसमध्ये दोन्ही व्हॉल्यूम उघडे असतील तर दोन्ही पिकअप समांतर जोडले जातात आणि आकडा साधारण निम्मा दिसतो, म्हणून एक व्हॉल्यूम बंद करून दुसरा, असे आळीपाळीने मोजा. हे आकडे लिहून ठेवा, पुढे वर्णनात कामी येतील. प्रीअँप असलेल्या गिटारमध्ये अशा मोजणीला अर्थ नसतो, तिथे कान हीच कसोटी.

तपासणी: केबल जॅकमध्ये घालून हलकेच हलवा. आवाज तुटला तर जॅकचे नट घट्ट करा. आतली वायर सोबत फिरू नये म्हणून जॅक मागून धरूनच नट फिरवा.

टप्पा ५ : नव्या तारा आणि सेटअप

जुन्या तारांवर गिटार विकणे ही माझ्या मते सर्वांत महाग काटकसर आहे. मेलेल्या तारांवर उत्तम पिकअपसुद्धा मेलेलाच वाजतो. चार तारांसाठी ४५ ते १०५ जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागात) साधा निकेल राउंडवुंड (गोल तारेचे वेढे असलेला) संच घाला. फार महागाचा नको आणि फ्लॅटवुंडही (चपट्या तारेचे वेढे असलेला) नको, कारण बहुतेक जण राउंडवुंडच्या आवाजाशी तुलना करतात. पाच तारांच्या गिटारमध्ये खालच्या बी तारेसह पूर्ण संच बदला.

सेटअपचा क्रम चुकला तर काम पुन्हा करावे लागते. तारा चढवून नेहमीच्या सुरात आणा आणि गिटार रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी परत सुरात आणून नेकचा बाक मोजा: पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांतली फट पाहा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट ठीक आहे. कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका, सुरात आणा आणि पुन्हा मोजा. नंतर अ‍ॅक्शन. ती म्हणजे फ्रेटपासून तारेची उंची. १७ व्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर हे बहुतेकांच्या हाताला चालणारे माप आहे. तुम्हाला स्वतःला याहून खाली आवडत असेल तरी विकताना अगदी खाली ठेवू नका, कारण अनोळखी माणूस जोरात छेडतो आणि फ्रेट वाजले की त्याला नेकमध्येच खोट वाटते. त्यानंतर पिकअपची उंची, आणि सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (दाबलेल्या तारेचा सूर बरोबर येण्याची जुळणी).

सावधान: ट्रस रॉड घट्ट लागला तर जोर लावू नका, कारागिराला दाखवा. फिरत नसलेला ट्रस रॉड हा सांगावाच लागणारा दोष आहे.

पुण्याच्या हवेचा विचारही येथेच करावा. मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते आणि नेकच्या कडेवरून हात फिरवला की फ्रेटची टोके बोचतात, तर पावसाळ्यात लाकूड ओल धरते आणि नेकचा बाक बदलतो. त्यामुळे एप्रिलमधला सेटअप जुलैमध्ये तसाच राहील असे धरू नका. जाहिरात दोन महिने लांबली तर घेणारा येण्याच्या आठवड्यात बाक आणि अ‍ॅक्शन पुन्हा मोजा. पावसाळ्यात गिटार उघडी टांगून ठेवू नका, ब्रिजच्या सॅडलचे (तार जिथे टेकते ते तुकडे) छोटे स्क्रू गंजून धरतात आणि मग उंची बदलताच येत नाही.

टप्पा ६ : फोटो आणि आवाजाचा नमुना

फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद ठेवून काढा. पूर्ण पुढची बाजू, पूर्ण मागची बाजू, हेडस्टॉक दोन्हीकडून, फ्रेट जवळून, ब्रिज, नेक व बॉडीचा सांधा, पिकगार्ड उघडल्यावरचे वायरिंग आणि सोबत जाणाऱ्या सर्व वस्तू एकत्र मांडून, इतके तरी हवेत. प्रत्येक टवक्याचा वेगळा फोटो घ्या आणि शेजारी नाणे ठेवा, म्हणजे आकार कळतो. बिलाचा फोटो टाकताना पत्ता व मोबाईल क्रमांक झाका. अनुक्रमांकाचे शेवटचे दोन-तीन अंक जाहिरातीत झाकलेले बरे, म्हणजे तुमचे फोटो चोरून कोणी खोटी जाहिरात टाकू शकत नाही. पूर्ण क्रमांक प्रत्यक्ष भेटीत दाखवा.

आवाजाचा नमुना एका मिनिटाचा पुरे. प्रत्येक तार उघडी, मग दोन्ही पिकअप वेगवेगळे, मग एकत्र, आणि टोन बंद व उघडा. मागे तबला-ड्रमचा ट्रॅक किंवा इफेक्ट लावू नका. घेणाऱ्याला गिटार ऐकायची असते, तुमचे वादन नाही.

टप्पा ७ : किंमत

त्याच मालिकेच्या आणि त्याच वयाच्या गिटारच्या चालू जाहिराती पाहा, पण मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत एक नसते हे लक्षात ठेवा. तीन महिने तशीच पडून असलेली जाहिरात म्हणजे ‘ही किंमत चालत नाही’ असा पुरावाच असतो. लवकर नाहीशा होणाऱ्या जाहिरातींचे आकडे टिपून ठेवा. नव्या गिटारची तुलना करताना छापील किंमत न पाहता दुकानातली प्रत्यक्ष किंमत पाहा, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास विकत असाल तर सवलतीनंतरची.

गिटार आहे तशी विकत असाल, तर अपग्रेडचे जे काही मोल धराल ते त्या भागांच्या वापरलेल्या किमतीवरून धरा, नव्या किमतीवरून नाही. मजुरीचे काहीही धरू नका. फ्रेट खोल झिजले असतील तर ते घासून समतल करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च कारागिराला विचारून तेवढा वजा करा. घासाघिशीसाठी दहा टक्क्यांच्या आसपास जागा ठेवा. याहून जास्त ठेवली तर किंमत पाहूनच लोक पुढे जातात.

टप्पा ८ : वर्णन लिहा

वर्णनात दोन चुका सर्रास दिसतात: ‘फुल्ली अपग्रेडेड, एकदम मस्त कंडिशन’ एवढेच लिहिणे, किंवा पिकअप कंपनीच्या जाहिरातीतली विशेषणे उतरवून काढणे. घेणाऱ्याला हवी असतात ती नावे, मापे आणि दोष. असा मजकूर पुरतो:

‘स्क्वायर अ‍ॅफिनिटी जॅझ बेस, चार तारा, ३४ इंच स्केल. २०१९ मध्ये पुण्यात नवीन घेतली, मी पहिलाच मालक, मूळ बिल आहे. पिकअप आणि ट्यूनर मूळ. बदल: ब्रिज गोटो २०१ (नवी भोके पाडलेली नाहीत, मूळ ब्रिज सोबत देईन), पॉट व जॅक बदललेले, आत तांब्याचे शील्डिंग. ट्रस रॉड दोन्ही बाजूंना फिरतो. फ्रेट पहिल्या ते पाचव्यापर्यंत किंचित झिजलेले, आवाजात अडचण नाही. दोष: खालच्या कडेला नखाएवढा टवका, पिकगार्डवर ओरखडे (फोटो पाहा). वजन ४.१ किलो. महिनाभरापूर्वी नव्या तारा व सेटअप. गिग बॅग सोबत. कोथरूडमध्ये वाजवून पाहता येईल.’

वजन जरूर लिहा. सामानाचा छोटा काटा पट्ट्याच्या बटणाला अडकवून ते मोजता येते. तीन-तीन तास उभे राहून वाजवणारा माणूस पिकअपच्या आधी वजन विचारतो. ‘हमी आहे’ असे लिहिण्यापूर्वी हमीची अट वाचा, कारण अनेकदा ती मूळ खरेदीदारापुरतीच असते. अपग्रेड काढून टाकले असतील तर आधी होते असा उल्लेखही नको, ‘ते कुठे गेले?’ हाच प्रश्न मग संभाषण खाऊन टाकतो. खोदकाम किंवा जादा भोके राहिली असतील तर मात्र ती स्पष्ट लिहा.

जाहिरात ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस आणि वादकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट या तिन्हींकडे एकाच किमतीने टाका. सुटे भाग त्याच जाहिरातीत घालू नका, त्यांचा घेणारा वेगळा असतो. त्यांची वेगळी जाहिरात, मोजलेल्या रोधाच्या आकड्यासह.

टप्पा ९ : फोनवरची बोलणी

‘दादा, लास्ट किती?’ हा पहिलाच संदेश असेल तर आकडा सांगू नका. ‘आपण एकदा वाजवून पाहा, मग समोरासमोर बोलू’ एवढे उत्तर द्या. ज्याला खरेच घ्यायची आहे तो वेळ विचारतो. पाहायला न येता आगाऊ रक्कम पाठवून गिटार ‘धरून ठेवा’ म्हणणाऱ्याला मुदत स्पष्ट सांगा, आणि त्या मुदतीत ती गिटार दुसऱ्याला दाखवू नका.

सावधान: स्वतःला लष्करातला किंवा बदली झालेला अधिकारी म्हणवून, गिटार न पाहता पूर्ण किंमत कबूल करणारा आणि पैसे ‘घेण्यासाठी’ क्यूआर कोड पाठवणारा माणूस फसवणूक करतो आहे असेच समजा. यूपीआयवर पैसे मिळण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना नाही. ओळख पटवण्यासाठी आधार कार्डाचा फोटो मागितला तरी देऊ नका. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार करा.

टप्पा १० : भेट, पैसे आणि पावती

भेटीची जागा अशी हवी की गिटार अ‍ॅम्पवर वाजवता येईल. घरी बोलवायचे नसेल तर तासाच्या भाड्यावर मिळणारी जॅम रूम (वादकांची सरावाची खोली) उत्तम, भाडे तुम्हीच द्या. तेही जमत नसेल तर हेडफोनचा छोटा अ‍ॅम्प घेऊन एखाद्या शांत कॅफेत भेटता येते. घेणारा निगडीचा आणि तुम्ही हडपसरचे असाल, तर जिथे दोन्ही मेट्रो मार्गिका मिळतात त्या जिल्हा न्यायालय स्थानकाच्या आसपासची जागा दोघांनाही मध्यावर पडते. पावसाळ्यात गिग बॅगवर आवरण असू द्या.

निघण्यापूर्वी गिटार सुरात आणा. प्रीअँप असेल तर नवी ९ व्होल्टची बॅटरी घाला आणि केबल काढून ठेवा. अ‍ॅक्टिव्ह गिटारमध्ये केबल जॅकमध्ये असली की सर्किट चालूच राहते, त्यामुळे रात्रभर जोडून ठेवलेली गिटार सकाळी घेणाऱ्यासमोर फाटक्या आवाजात वाजते. सोबत द्यायच्या वस्तू, मूळ भाग, ट्रस रॉडची चावी आणि बिले एका पिशवीत ठेवा.

भेटीत दोष आधी तुम्हीच दाखवा. नंतर गप्प बसा आणि त्याला वीस मिनिटे वाजवू द्या. त्या वेळात पिकअपची माहिती सांगत राहिलात तर तो नीट ऐकू शकत नाही, आणि न ऐकलेली गिटार कोणी घेत नाही. किंमत कमी करायची वेळ आली तर एकदाच करा, आणि जमल्यास किंमत तशीच ठेवून पट्टा किंवा केबल द्या.

पैसे यूपीआयने आले तर समोरच्याचा स्क्रीनशॉट किंवा आलेला एसएमएस पुरावा धरू नका, स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक वाढलेली पाहूनच गिटार हाती द्या. नव्याने जोडलेल्या खात्यावर मोठी रक्कम पाठवायला काही बँका मर्यादा घालतात, म्हणून ‘एक रुपया आदल्या दिवशीच पाठवून ठेवा आणि आपल्या बँकेची मर्यादा पाहून घ्या’ असे घेणाऱ्याला सांगावे. गिटार खूप महागडी असेल तर हेही लक्षात ठेवा की एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारायला आयकर कायदा मनाई करतो.

पावती साध्या कागदावर चालते, पण दोन प्रती करा. तारीख, दोघांची नावे, कंपनी व मालिका, पूर्ण अनुक्रमांक, सोबत दिलेल्या वस्तूंची यादी, रक्कम व ती कशी दिली, आणि ‘गिटार वाजवून व दोष पाहून घेतली’ हे एक वाक्य त्यात असावे. खाली दोघांच्या सह्या. विद्युत भागांबद्दल काही दिवसांची तोंडी हमी देत असाल तर तीही लिहा: किती दिवस, कोणत्या भागांची, आणि दुरुस्ती करून देणार की पैसे परत.

बाहेरगावी पाठवायची असल्यास

शक्यतो पुण्यातच विका. पाठवावीच लागली तर पूर्ण रक्कम खात्यात आल्यावरच पाठवा आणि पार्सल बांधतानाचे चित्रण करून ठेवा. तारा एक-दोन सुरांनी उतरवा, पूर्ण सैल करू नका. बॅटरी काढा. हेडस्टॉकच्या मागे आणि नेकखाली कपडा किंवा फोम भरा, कारण पेटी उभी आपटली की आघात तिथेच बसतो. गिटार हार्ड केसमध्ये आणि केस जाड खोक्यात ठेवून मधली जागा गच्च भरा. खोके हलवल्यावर आत काहीही सरकत असेल तर ते पुन्हा उघडा. कुरिअरच्या पावतीवर खरी किंमत लिहा आणि विमा घ्या, आणि घेणाऱ्याला खोके उघडतानाचे चित्रण करायला सांगा. पार्सल पोहोचल्यावर तारा परत सुरात आणून गिटार एक रात्र ठेवावी आणि मगच नेकबद्दल मत बनवावे, हेही त्याला आधीच लिहून कळवा.